दोन शून्यांचा पाकिस्तान

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आमच्या घरात सगळे सांगतात. आई तर पाहुण्यांना आधीच बजावायची, याला काही विचारू नका, हा उत्तर देत नाही, भांडतो. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मी मुलीच्या मामाशी वाद घातला होता, तरी लग्न झालं, ते बायकोच्या हिमतीवर. या भांडकुदळपणाने माझं नुकसानच जास्त केलं आहे. पण एकदा त्याचा धड उपयोग झाला, आणि ती गोष्ट मी गुळमुळीत सांगणार नाही. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

मी फोनची कामं करतो. मोबाइल दुरुस्तीचं दुकान नव्हे. हॉस्पिटल, कॉलेज, सूतगिरणी अशा मोठ्या ठिकाणी टेबलाटेबलावर जे फोन असतात, ते सगळे एका पेटीला जोडलेले असतात. ती पेटी बसवायची, बिघडली की सांभाळायची, हे माझं काम. मूळचा मी होटगी जंक्शनचा. आमच्याकडे पोरांना गाड्यांच्या वेळा पाठ असतात, मला त्याबरोबर फोनचे कोडही पाठ होते. सोलापूर शून्य दोनशे सतरा, मोहोळ शून्य एकवीस एकोणनव्वद, अक्कलकोट शून्य एकवीस एक्याऐंशी. नंबराची सुरुवात ऐकली की माणूस कुठल्या तालुक्याचा ते मी सांगायचो आणि फुशारकी मारायचो.

पेटीही तेच करते. तुम्ही बटणं दाबलीत की ती नंबराचं तोंड बघते. तीन आकडी असेल तर आतलाच फोन. दोनाने सुरू झाला तर गावातला. सुरुवातीला एक शून्य असेल तर बाहेरगावचा नाही तर मोबाइल. आणि सुरुवातीला दोन शून्यं असतील तर परदेश. मग पुढचे आकडे बघून देश ठरवते. फोन इंटरनेटवरून निघाला तरी शेवटी त्याला कुठल्या तरी टेलिफोनच्या जाळ्यात उतरायचं असतं, आणि कुठल्या दाराने उतरायचं हे त्या तोंडावर ठरतं. पुढचा नंबर खरा आहे का, कुणाचा आहे, याच्याशी पेटीला घेणंदेणं नसतं. ती यंत्र आहे. तिला तेवढंच शिकवलेलं असतं.

ज्या हॉस्पिटलची ही गोष्ट आहे, त्याचं नाव मी घेत नाही. सोलापुरातलं मोठं आहे, ट्रस्टचं आहे, एवढं पुरे. तिथे जुनी पेटी होती तेव्हा बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य दाबायचं, की लाइन मिळाल्याचा कुर्रर्र आवाज यायचा, मग नंबर. पुढे लँडलाइनवरून मोबाइलला लावताना नंबराआधी शून्य लावायचा सरकारी नियम आला. म्हणजे एक शून्य पेटीचं, एक शून्य सरकारचं. तिथल्या प्रत्येकाच्या बोटाला हे इतकं पाठ झालं होतं की लोक बोलता बोलता न बघता दोनदा टकटक करायचे आणि मग नंबर आठवायचे.

मग नवी पेटी आली. पुण्याच्या एका कंपनीने बसवली, सगळे फोन इंटरनेटवर घेतले, देखभाल माझ्याकडे राहिली. नव्या पेटीला लाइन मागायची गरज नव्हती. सरळ नंबर लावायचा, फार तर एक शून्य. हे सांगायला कंपनीच्या माणसाने वरच्या हॉलमध्ये शिकवणी घेतली. झाडून सगळे खातेप्रमुख हजर होते. पडद्यावर चित्रं दाखवली, समोसे वाटले, फोटो काढले. फक्त जी बाई दिवसभर फोन लावते तिला बोलावलं नव्हतं. कारण सगळे वर गेले तर खाली फोन कोण उचलणार?

ती बाई म्हणजे तिथली टेलिफोन ऑपरेटर. मी तिला आपा म्हणतो. वयाने माझ्याहून मोठी, मुसलमान, जुन्या गिरणीमागच्या गल्लीतली. मी त्या हॉस्पिटलात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हाही ती त्याच खुर्चीत होती. घरी दखनी, मोहोळ-माढ्याच्या लोकांशी मराठी, अक्कलकोटकडच्यांशी कन्नड, आणि मागावर काम करणाऱ्या घरांशी तेलुगू. तेलुगू तिला वाचता येत नाही, पण रक्त चढवायला माणूस घेऊन या, हे ती तेलुगूत असं सांगायची की समोरचा घाबरत नसे, फक्त निघत असे. तालुक्यातली माणसं हॉस्पिटलात आली की आधी तिच्या खिडकीशी जाऊन आवाज ओळखून बघायची. "तुमीच का वो त्या फोनवाल्या?" असं विचारायची. ती हसून "व्हय, मीच की" म्हणायची.

तिचा एक हट्ट होता. फोन लागला नाही म्हणून सोडायचा नाही. बाकीचे एकदा लावतात, दोनदा लावतात, आणि 'संपर्क झाला नाही' असं सांगून मोकळे होतात. आपा लागेपर्यंत लावायची. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "आपा, बटणं झिजतील." ती म्हणाली, "बटन झिजले तो तुम बदलते. उनका मरीज गया तो कौन बदलके देगा?"  

नवी पेटी सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. टेलिफोन कंपनीच्या माणसाने हॉस्पिटलच्या प्रशासकांना फोन केला. तुमच्याकडून परदेशी फोन लावायचे प्रयत्न होतायत, परदेशाची सोय तुमच्या लाइनला बंद आहे म्हणून ते जात नाहीयेत, पण प्रकार काय ते बघा. कुठे कुठे, असं साहेबांनी विचारलं. त्याने जी नावं वाचली त्यात इराण होता, श्रीलंका होती, चीन होता, आणि पाकिस्तान होता. आमच्या साहेबांच्या कानात एकच नाव शिरलं. पाकिस्तानचे सगळे प्रयत्न एकाच टेबलावरचे आहेत, आणि ते टेबल ऑपरेटरचं आहे, हे कळल्यावर तर त्यांना पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही.

दर सोमवारी सकाळी तिथे पोर्चमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांची प्रार्थना होते. प्रार्थनेनंतर साहेब दोन शब्द बोलतात. त्या सोमवारी ते म्हणाले, आपल्या संस्थेतून पाकिस्तानला फोन लावले जात आहेत, ही गंभीर बाब आहे, चौकशी होईल, गरज पडली तर पोलिसांत देऊ, सर्वांनी सावध राहावं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सव्वाशे-दीडशे माणसांनी माना वळवल्या आणि आपाकडे बघितलं. ती प्रार्थनेच्या रांगेत नेहमीच्या जागी उभी होती. दुपारी तिला सांगण्यात आलं, चौकशी होईपर्यंत घरी राहा. सुरक्षेवाल्याने तिची पिशवी उघडून बघितली. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा होता.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मी दुसऱ्या कामासाठी हॉस्पिटलला फोन लावला तेव्हा. वेगळाच आवाज आला. "आपा कुठंयत?" विचारलं तर पलीकडची मुलगी कुजबुजली, "तुम्हाला नाही माहीत?" मी गाडीला किक मारली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं आपल्यात राहिली हो. वाटलं नव्हतं." मग कामाचं बोलले. ऑपरेटरच्या फोनवरून शून्य शून्य ब्याण्णव कायमचं बंद करून टाका. मी विचारलं, "नंबर कोणता लावला होता?" ते म्हणाले, "तो बघून काय करायचंय? पाकिस्तानचा आहे ना, बास."

मी खाली गेलो. तिच्या टेबलावरच्या फोनच्या काचेवर आधी लावलेले नंबर दिसतात. एकच नंबर पुन्हा पुन्हा. शून्य, शून्य, मग ब्याण्णव, मग आणखी आठ आकडे. मी बोटाने आकडे मोजले. दोन शून्यं सोडली तर बरोबर दहा. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी खिशातला मोबाइल काढला आणि ते दहा आकडे लावले.

एका रिंगमध्ये उचलला. "हालो, हास्पिटलातनं का?"

मी म्हणालो, "व्हय. तुम्ही कुठून बोलताय?"

"मोहोळातनं की. आईच्या आपरेशनची तारीख तुमी कळवनार हुता. आमी फोन उशाला घिऊन बसलोय, वाजलाच न्हाई. आमी गावची मान्सं म्हनून इसरलाव का काय?"

त्याला मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "दादा, विसरले नाहीत. इथल्या बाईंनी तुम्हाला इतक्या वेळा लावला की त्यापायी त्यांना घरी बसवलंय." त्याला ते कळलं नाही. कळण्यासारखं होतंच कुठे? मी त्याला आत विचारून तारीख कळवली, आणि फोन ठेवला तेव्हा माझी पुरती सटकली होती.

आपाच्या बोटांनी जुन्या सवयीने दोन शून्यं दाबली होती. एक लाइनीचं, एक मोबाइलचं. नव्या पेटीला ती दोन शून्यं दिसली आणि तिला वाटलं, परदेश. पुढे ब्याण्णव दिसलं, तिला वाटलं, पाकिस्तान. पुढचे आकडे मोजायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. फोन जाईना, म्हणून आपा पुन्हा लावत राहिली. पेटीतल्या नोंदी बघितल्या, बाकीच्या टेबलांवरही तेच चाललं होतं. अठ्ठ्याण्णवचा नंबर इराणला जात होता, चौऱ्याण्णवचा श्रीलंकेला, शहाऐंशीचा थेट चीनला. फरक इतकाच की ते दोनदा लावून कंटाळत होते आणि आपापल्या मोबाइलवरून बोलत होते. आपा हॉस्पिटलचं काम हॉस्पिटलच्या फोनवरून करत होती. हा तिचा गुन्हा.

मी वर गेलो आणि दार न वाजवता आत शिरलो. म्हणालो, "साहेब, या टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावा."

"आत्ता? कशाला?"

"लावा तर. नेहमी लावता तसा."

त्यांनी रिसीव्हर उचलला, टकटक करून दोन शून्यं दाबली आणि बायकोचा नंबर दाबला. चौऱ्याण्णवने सुरू होणारा. टूं टूं टूं. फोन लागत नाही म्हणून ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "लागणार नाही. तुम्ही आत्ता श्रीलंकेला फोन लावलात. पोलिसांना मी कळवू की तुम्ही?"

त्यांना समजायला वेळ लागला. मी समजावून सांगितलं, एकदा नाही, दोनदा. समजल्यावर ते हसले. मला तेच सहन झालं नाही. म्हणाले, "अरेच्चा, म्हणजे तांत्रिक घोटाळा! बरं झालं लक्षात आलं." खाली एका बाईच्या अब्रूचं खोबरं झालं होतं आणि इथे यांना गंमत वाटत होती.

मी म्हणालो, "साहेब, लेखा विभागातून चीनला फोन लावलेत. त्यांची पिशवी तपासली?"

"अहो, ते वेगळं."

"आणि ऑपरेटरच्याच फोनवरून, पेटी बसवली त्या आठवड्यात, ब्याण्णवचा एक नंबर मीसुद्धा लावलाय. माझा मेव्हणा इथल्याच केम गावात असतो, त्याचा. मीही सवयीने दोन शून्यं दाबली, लागला नाही, मोबाइल काढून बोललो. म्हणजे त्या खुर्चीवरून पाकिस्तानला फोन लावणारे दोघं झाले. मला का नाही घरी बसवलं?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे हो."

"काय वेगळी? सांगा की."

ते टेबलावरची पेनं सारखी करत राहिले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण पोरांबद्दल वापरतो. त्या दिवशी मी तिथे 'बाब्या' होतो, काही न करता, नुसत्या नावाच्या जोरावर. मला त्याची इतकी शरम वाटली की आवाज आपोआप चढला. मी म्हणालो, "पेटी नंबराचं नुसतं तोंड बघते आणि देश ठरवते. तिला माफ आहे, ती पत्र्याची आहे. तुम्हाला तर देवाने डोळे दिलेत. पुढचे आठ आकडे तुम्ही का नाही बघितले?"

साहेब म्हणाले, "आवाज कमी करा, बाहेर लोक आहेत." मी म्हणालो, "लोकांसमोरच झालंय ना सगळं, ऐकू देत."

खाली येऊन मी कुणाला न विचारता पेटीचा नियम बदलला. दोन शून्यं आली तरी लगेच निकाल द्यायचा नाही. पूर्ण नंबर येऊ द्यायचा. पुढे दहाच आकडे असतील आणि ते आपल्या मोबाइलसारखे असतील, तर एक शून्य गिळून टाकायचं आणि फोन सोडायचा. सगळ्या टेबलांसाठी एकच नियम. 'फक्त ऑपरेटरच्या फोनवर बंदी' हा साहेबांनी सांगितलेला नियम मी लिहिला नाही. कधीच लिहिणार नव्हतो.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. गैरसमज दूर झाला आहे, बाईंना उद्यापासून कामावर यायला सांगा. म्हणजे हेही मीच सांगायचं! मी तिच्या घरी गेलो. आपाने चहा ठेवला, चुलीकडे तोंड करून सगळं ऐकून घेतलं. शून्याचं, ब्याण्णवचं, मोहोळच्या माणसाचं. मोहोळच्या आईची तारीख कळवली का, एवढंच तिने मध्ये विचारलं. कळवली म्हटल्यावर "अच्छा करे" म्हणाली. मग मी साहेबांचा निरोप सांगितला आणि वर स्वतःची अक्कल जोडली, "आपा, झालं गेलं विसरून जा."

तिने वळून बघितलं. "कायकू भूलूं? मैं करी क्या जो भूलूं?"



"गल्लीतपन पोचलंय," ती मराठीत म्हणाली. रागावली की ती दोन्ही भाषा एकत्र बोलते. "नळावर बायका इचारतात, पाकिस्तान में कौन है तुम्हारा? अरे, मेरा तो मोहोळ में भी कोई नई! साहेबांनी सगळ्यांपुढं सांगितलं ना? मग सगळ्यांपुढंच परत घ्यायचं. हळूच बोलवून खुर्चीवर बसवलं तर लोक म्हनतील, हात-पाय जोडून आली. मी नाही येत."

तिला ती नोकरी हवी होती. नवऱ्याचा माग कधीच बंद पडला होता, घर तिच्यावर होतं, हे मला माहीत होतं. तरी ती 'नाही येत' म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी चहा संपवून उठलो तेव्हा मला एकाच वेळी भीतीही वाटत होती आणि अभिमानही.

साहेबांना मी तसंच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "पण मी त्यांचं नाव घेतलंच नव्हतं. जे घेतलंच नाही ते परत कसं घेऊ?" बघा, काय डोकं असतं माणसाचं! मी म्हणालो, "नाव घेतलं नाहीत, पण खुर्ची बरोबर त्यांचीच काढलीत." ते म्हणाले, आता ते उगाळत बसण्यात अर्थ नाही, संस्थेची बदनामी होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं म्हणणं. मूठ त्यांची झाकलेली होती. हिची तर भर पोर्चमध्ये उघडून दाखवली होती.

पुढचे काही दिवस हॉस्पिटलच्या फोनची अवस्था बघण्यासारखी होती. खुर्चीवर रोज नवी मुलगी. अक्कलकोटकडची बाई कन्नडमध्ये रडायला लागली की मुलगी फोन कानापासून लांब धरायची. नातेवाईक निरोप न मिळाल्याने खिडकीशी येऊन ओरडायचे. "त्या बाई कुटं गेल्या? त्यास्नी बोलवा," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शेवटी साहेबांना उपाय सुचला. मला बोलावून म्हणाले, आता ऑपरेटरच नको. नवी पेटी आपोआप बोलू शकते ना? मराठीसाठी एक दाबा, अपघात विभागासाठी दोन दाबा, तसलं बसवून टाका.

पेटी बोलू शकते. बसवायला मला अर्धा दिवसही लागला नसता. मी म्हणालो, "नाही बसवणार."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मोहोळची म्हातारी आजारी असताना तिच्या पोराने कुठलं बटण दाबायचं? पण खरं कारण ते नाही, ते मी उगीच पुढं करत नाही. तुम्हाला दोन वाक्यं बोलायची लाज वाटते, म्हणून तुम्ही ती खुर्चीच उचलून फेकताय. त्या कामाला माझा हात लागणार नाही."

"मग तुमचं देखभालीचं कंत्राट राहणार नाही."

"नका ठेवू. पण पुण्याहून माणूस बोलवाल तेव्हा त्याला दोन शून्यांची गोष्टही सांगा. नाही तर मी येऊन सांगेन."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बरं केलंत," आणि थोड्या वेळाने, "पण दुसरं काम बघायला लागा." त्यापेक्षा जास्त पाठिंबा मला आयुष्यात कुणी दिलेला नाही.

सोमवारी सकाळी मी माझी हत्यारं आणायला हॉस्पिटलात गेलो. पोर्चमध्ये प्रार्थना संपत आली होती. मागच्या बाजूला रुग्णांचे नातेवाईक भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एक फेटेवाला म्हातारीला धरून उभा होता. त्याचा आवाज ऐकला आणि मी ओळखलं, हाच मोहोळचा. त्या दिवशी त्याच्या आईला भरती करायचं होतं.

आणि मग फाटकातून आपा आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीची साडी, खांद्याला तीच पिशवी. ती रांगेतल्या आपल्या जागी गेली नाही. सरळ पुढे जाऊन साहेब बोलतात त्या पायरीसमोर उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, पुन्हा. फक्त या वेळी ती मुद्दाम बघू देत होती. मला वाटलं आपणही पुढे व्हावं, चार शब्द सुनवावेत. मी पाय उचललाही. पण तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी जिथल्या तिथे थांबलो. बोलायची पाळी माझी नव्हती.

ती म्हणाली, "साहेब, एकच इचारायचंय. मी कुठं फोन लावला होता?"

साहेब म्हणाले, "बाई, आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये नको. हितंच सांगितलं होतं, हितंच सांगा. मी कुठं फोन लावला होता?"

"अहो, तो तांत्रिक विषय आहे, या सगळ्यांना काय कळणार..."

"कळंल की. तेव्हा कळला होता. मी कुठं फोन लावला होता?"

आवाज तोच. चढवलेला नाही, उतरलेला नाही. लागेना झालेल्या नंबरला ती जसा पुन्हा लावायची तसा. कुणी हललं नाही. एका नर्सने आपल्या शेजारणीचा हात घट्ट धरला होता. साहेबांनी आजूबाजूला बघितलं. मदतीला कुणी येत नाही हे त्यांना दिसलं, आणि ती इथून हलणार नाही हेही दिसलं असावं. ते खाली बघून पुटपुटले, "मोहोळला."

"जोरात बोला," आपा म्हणाली. "मागं रुग्णांची माणसं उभी हायत, त्यांना ऐकू जात नाही."

साहेबांनी मान वर केली आणि जोरात सांगितलं.